गोटमारीतला एक दगड

मी एक दगड मारला. एकच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या पांढुर्ण्याकडच्या काठावरून. तो ज्याला लागला तो माझा कॅचर होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आजवर ज्याला ज्याला मी माझ्या खेळाची कहाणी सांगितली, त्याला एवढं सोडून बाकी सगळं सांगितलं, आणि घरी येऊन स्वतःवरच चिडलो. आता पुरे झालं.

आमच्या भागात बेसबॉल कळणारे लोक मोजके, म्हणून थोडं समजावून सांगतो. बॉल टाकतो तो पिचर. तो मी. माझ्यापासून साडेसाठ फुटांवर बॅटवाला उभा असतो, आणि त्याच्या मागे गुडघे मोडून, डाव्या हातात जाड ग्लव्ह घालून बसतो तो कॅचर. कुठला बॉल टाकायचा हे पिचर ठरवत नाही. कॅचर मांड्यांच्या मधे बोटं दाखवतो. एक बोट म्हणजे जोराचा, दोन म्हणजे वळणारा. मग हात इकडे केला तर बाहेर, तिकडे केला तर आत, म्हणजे बॅटवाल्याच्या अंगाजवळून. पिचरने मान हलवायची आणि सांगितलं तेच टाकायचं. कॅचर वळणाऱ्या बॉलसाठी बसलाय आणि तुम्ही जोराचा हाणला, तर त्याचं बोट तरी जातं नाही तर दात तरी. म्हणून या खेळात पिचर खोटा निघाला की कॅचर त्याच्यासाठी बसत नाही. एवढं कळलं तरी पुष्कळ.

माझा कॅचर सावरगावचा. आमच्या गावांच्या मधे फक्त जाम नदी आणि तिच्यावरचा पूल. त्याच्या घरच्या शेगडीवरचा चहा उतरायच्या आत मी सायकलने पोचायचो. आम्हाला दोघांनाही पांढुर्ण्याच्या शाळेत खेळाच्या सरांनी धरलं. मला क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थेट स्टंपात बॉल फेकताना पाहिलं म्हणून, आणि त्याला का धरलं तर तो कशालाच घाबरत नसे म्हणून. सरांची पुढे सौंसरला बदली झाली. मग आम्हीही दर शनिवार-रविवार सकाळच्या बसने सौंसर गाठू लागलो. नववीपासून ते थेट बावीस-तेवीस वर्षांचे होईपर्यंत. बसमध्ये संत्र्यांच्या पेट्यांवर बसून जायचो, आणि कंडक्टर दर वेळी विचारायचा, “आज कोणाले हरवून राहिले रे?” माझा कॅचर म्हणायचा, “आज कंडक्टरले.”

लोकांची एक खोड मला आजही सहन होत नाही. पांढुर्ण्याचा पिचर म्हटलं की समोरचा हसतो आणि विचारतो, “मग काय, गोटमारीतच शिकलात वाटतं?” नाही हो बाप्पा! गोटमारीत मी कधी उतरलोच नव्हतो. आईने लहानपणीच स्वतःची शपथ घातली होती. आमचं कापडाचं दुकान आहे, आम्ही काही भांडखोर माणसं नाही. पण राज्याच्या संघात निवड झाली तेव्हा एका पेपरवाल्याने तेच छापलं, आणि माझ्या बापाने ते कात्रण काउंटरवर काचेखाली लावून ठेवलं. खोटं आहे माहीत असून!

ज्यांना गोटमार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगावचे लोक नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. पांढुर्ण्याच्या लोकांनी पाण्यात उतरून कुऱ्हाडीने ते तोडायचं आणि झेंडा आणायचा. सावरगावकरांनी आणू द्यायचा नाही. दोन्ही काठांवरून दिवसभर दगड. झेंडा चंडीमातेच्या देवळात पोचला की संपलं. मग दोन्हीकडचे लोक एकाच दवाखान्यात शेजारी शेजारी बसून टाके घालून घेतात आणि एकाच टपरीवरचा चहा पितात, कारण याची आत्या तिकडे दिलेली असते आणि त्याची बायको इकडची असते. आणि एक गोष्ट कुणीही, कधीही करत नाही. दगड कोणाचा होता, हे विचारत नाही. कुणाचा डोळा जावो, डोकं फुटो, पण ते विचारायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, लहान पोरालाही शिकवावं लागत नाही.

त्या वर्षी आषाढात आम्हाला पगारी खेळाचं दार उघडलं. आखाती देशात बेसबॉलची नवी लीग निघाली होती, त्यांना आपल्याकडची पोरं हवी होती. दिल्लीला चाचणी झाली. मी टाकत होतो, तो झेलत होता, आणि तिथला गोरा माणूस हातातला कागद खाली ठेवून नुसता पाहत राहिला. नंतर त्याने सरांना सांगितलं, ही जोडी मला जोडीनेच पाहिजे. एकटा पिचर किंवा एकटा कॅचर नको. आम्ही परतताना रेल्वेच्या दारात उभे राहून वेड्यासारखे ओरडत होतो. पोळ्यानंतर तीन आठवड्यांनी बंगळुरूला शिबिर, तिथून दिवाळी झाली की विमान.

सरांनी दोघांना समोर बसवून बजावलं. “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घराच्या बाहेर पाय टाकाचा नाही. ना तू, ना तू. समजलं?”

“समजलं सर.”

“तुमच्या अंगाले साधं खरचटलं तर मी तोंड पाहाचा नाही तुमचं.”

आम्ही एकमेकांच्या हातावर हात मारला. एवढी साधी गोष्ट होती. एक दिवस घरात बसायचं होतं, बस.

सकाळी आई चंडीमातेला जायला निघाली. तिचे गुडघे दुखत होते, म्हणून मी सोबत गेलो. देवळापर्यंत जाणं काही गोटमारीला जाणं नव्हे, असं मी मनाशी म्हटलं. दर्शन झालं, आईला रिक्षात बसवलं आणि तिला म्हणालो, “तू हो पुढे, मी आलोच.” का म्हणालो? आवाज येत होता म्हणून. नदीकडून ढोल आणि आरोळ्या येत होत्या आणि माझे पाय तिकडे वळले. नुसतं पाहू, म्हटलं. जे पाहायला जातात ते सगळे असंच म्हणतात.

काठावर गर्दी मरणाची. माझ्या गल्लीतली पोरं पुढेच होती. आमच्याकडचा एक कुऱ्हाडवाला झाडापर्यंत पोचला होता, गुडघाभर पाण्यात, आणि समोरून त्याच्यावर दगड असे येत होते की त्याला कुऱ्हाड उचलता येत नव्हती. विशेषतः एक जण, लाल बनियनवाला, पार पाण्याच्या कडेला येऊन नेम धरून मारत होता. माझ्या शेजारचा एक काका माझ्याकडे वळला. दुकानात बसून माझ्या बापाचा चहा पिणारा माणूस. म्हणाला, “हा पाहा, हा आपला फॉरेनचा फेकणारा. तिकडं पैशासाठी फेकाले हात आहे, गावासाठी नाही.”

लोक हसले. “राहू द्या हो काका,” दुसरा म्हणाला, “त्याच्या मायनं त्याले शपथ घातली आहे. दूध प्याची वेळ झाली त्याची.”

माझं डोकं फिरलं. मी रागीट आहे, आधीपासूनच. पिचरला राग चालत नाही असं सर म्हणायचे, आणि मैदानावर तो मी गिळायचो, कारण समोर कॅचरची बोटं दिसायची. इथे बोटं दाखवणारं कुणी नव्हतं. पायाशी दगड होता, मुठीत बसणारा, गुळगुळीत. मी तो उचलला आणि अंतर पाहिलं. ते अंतर मला ओळखीचं होतं, थोडं जास्तच, पण ओळखीचं.

मला त्या लाल बनियनवाल्याला मारायचं नव्हतं. देवाशपथ सांगतो. त्याच्या कानाजवळून काढायचा होता, की तो दचकून मागे व्हावा. बॅटवाल्याला मागे हटवायला आम्ही तेच तर करतो. आतला बॉल. मी पाय उचलला, टाकला, आणि दगड हातातून सुटताच मला कळलं की बरोबर गेला. जसा हवा तसाच.

लाल बनियनवाला खाली वाकला. आणि त्याच्या मागे, दहा-बारा पावलांवर, माझा कॅचर उभा होता.

तो लढायला आला नव्हता. त्याच्या मोठ्या भावाचं डोकं फुटलं होतं, त्याला काखेत धरून तो मागे नेत होता. मी त्याला पाहिलं आणि त्याने वर पाहिलं. बाकीचे दगड वरून कमान करून यायचे. गोफणीचे तर आभाळातूनच यायचे. माझा सरळ गेला होता. त्याने भावाला उजव्या हाताने बाजूला सारलं आणि डावा हात छातीसमोर पुढे केला, तळवा उघडा, बोटं वर. ग्लव्ह नव्हता. दगड त्या तळव्यातच लागला. एवढ्या गोंगाटात मला आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मला आला.

तो खाली बसला. मी गर्दीतून मागे सरकलो, घरी आलो आणि न्हाणीत जाऊन उलटी केली. आई बाहेरून विचारत राहिली, “अरे, झालं काय तुले?” मी म्हटलं, ऊन लागलं.

दुपारी फोन आला की त्याला दवाखान्यात नेलंय. मी गेलो. जायलाच हवं होतं, नाही तर लोकांनी काय म्हटलं असतं! व्हरांड्यात दोन्ही गावांची माणसं पट्ट्या बांधून बसली होती, चेष्टा-मस्करी चालली होती. तो कोपऱ्यातल्या खाटेवर, हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पंजाची दोन हाडं मोडली होती. शेजारी त्याचा भाऊ डोक्याला फडकं गुंडाळून केळं खात होता.

रस्त्याने मी ठरवलं होतं की गेल्या गेल्या सांगायचं. तो मला शिव्या घालेल, लाथ मारेल, मग सर येतील, सर दोघांना शिव्या घालतील, आणि पुढे काय करायचं ते पाहू. जिभेच्या टोकावर होतं. पण त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझी पाचावर धारण बसली. लीगवाल्याचं वाक्य आठवलं, जोडीनेच पाहिजे. आपण सांगितलं तर दोघंही इथेच राहतो, असं काहीतरी डोक्यात आलं. काय विचार होता तो! आणि मी तोंड उघडून विचारलं,

“कोणाचा होता बे दगड? दिसला का तुले?”

केळं खाता खाता त्याचा भाऊ थांबला. पलीकडच्या खाटेवरचा पांढुर्ण्याचाच एक म्हातारा हसला. “हा आतापासूनच परदेशी झाला वाटते. दगडाचा मालक विचारून राहिला.”

तो मात्र हसला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, “गोटमारीत दगड कोणाचा नसते.” मग भिंतीकडे वळून झोपला.

बस, एवढंच. मी सुटलो असं मला वाटलं. खरं सांगतो, दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला हलकं वाटलं होतं. त्याची लाज मला दगडापेक्षाही जास्त वाटते.

सर आम्हा दोघांसाठी लीगवाल्यांच्या हातापाया पडले. शेवटी ते म्हणाले, पिचर एकटा आला तरी चालेल. बंगळुरूला जायच्या दिवशी तो बसस्टँडवर आला नाही. सर म्हणाले, “त्याले डॉक्टरनं नाही म्हटलं. त्या हातानं आता कॅचर म्हणून बसता येणार नाही, असं तोच म्हणून राहिला.” सर रडत होते. आणि मी त्यांच्या पाया पडून बसमध्ये बसलो.

वाळवंटातल्या त्या शहरात माझं काय झालं, ते एका वाक्यात सांगता येतं. माझा आतला बॉल गेला. हाताला काही नव्हतं, जोरही तोच होता. पण कॅचर बोट दाखवून आत म्हणायचा, मी मान हलवायचो, पाय उचलायचो आणि बॅटवाल्याच्या छातीऐवजी मला एक उघडा तळवा दिसायचा. बॉल आपोआप बाहेर जायचा. दोन फूट, तीन फूट. नवा कॅचर लॅटिन अमेरिकेतला, चांगला माणूस, तो उठून यायचा, ग्लव्ह तोंडासमोर धरून तोडक्या इंग्रजीत विचारायचा की काय झालं. मी म्हणायचो, घाम. पुढच्या वेळी घट्ट धरतो.

बॅटवाले काही मूर्ख नसतात. चार-सहा सामन्यांत साऱ्यांना कळलं की हा भारतीय आत टाकत नाही. मग ते बिनधास्त पुढे येऊन उभे राहायचे आणि बाहेरचा बॉल काढून चोपायचे. कोच सरावात माझ्यासमोर कापडाचा बाहुला उभा करायचा. बाहुल्याला मी दहातले दहा आत टाकायचो. मग कोच हसून जिवंत माणूस उभा करायचा, आणि बॉल पुन्हा तीन फूट बाहेर. तो विचारायचा, कधी कुणाला लागला होता का तुझा बॉल? मी म्हणायचो, नाही. तेही खोटंच, पण बॉल नव्हता ना, म्हणून स्वतःला खरं वाटायचं.

सामने मोबाइलवर दिसायचे. एकदा मी फारच वाईट टाकलं. खोलीवर येऊन पाहतो तर माझ्या कॅचरचा मेसेज. तोवर तो कधी स्वतःहून लिहायचा नाही. मी काही लिहिलं तर ‘बरं आहे’ एवढंच यायचं. त्या दिवशी दोन शब्द होते. ‘आत टाक.’ मी फोन उशीखाली ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा वाचला. हा आतलं का म्हणतोय? नुसतं खेळाडू म्हणून? की त्याला माहीत आहे? मला उत्तर लिहिता आलं नाही. त्यानंतर त्याचाही मेसेज आला नाही.

दरवर्षी दहा-बारा दिवस घरी यायचो. समुद्र ओलांडून यायचो आणि पुलापाशी येऊन थांबायचो. तो पूल चालत तीन मिनिटांचा. आई म्हणायची, “अरे, त्याले भेटून ये ना, त्याची माय मले बाजारात विचारून राहिली होती.” मी म्हणायचो, तो सौंसरला असतो दिवसभर. ते खरंही होतं. सर निवृत्त झाले होते आणि सौंसरच्या मैदानावर पोरींना बेसबॉल आता तोच शिकवत होता. आई म्हणायची, “मग सौंसरले काय विमान लागते काय?” मी तिच्यावरच ओरडायचो.

तिसऱ्या वर्षी मला सामन्यात घेणं बंद झालं. बाकीच्या बॅटवाल्यांना सरावासाठी बॉल टाकायचे, एवढंच काम. चौथ्या वर्षी तेही नाही. पत्र आलं, शुभेच्छा देऊन. मी सामान बांधलं आणि विमानात बसल्या बसल्या ठरवलं की आता लपवायला काही उरलंच नाही. त्याचं गेलं, माझंही गेलं. आता तरी सांगायचं. सांगितलं तर आतला बॉल परत येईल अशी एक आशा मनात होतीच, ती नाकारत नाही. एका अकादमीत पिचर घ्यायचे होते, महिन्याभराने चाचणी होती. म्हणजे माफी मागायला निघालो तेव्हाही मी माझाच फायदा पाहत होतो. असा मी.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पांढुर्ण्याहून बसमध्ये बसलो तेव्हापासून मनात वाक्यं जुळवत होतो. ‘तो दगड माझा होता’ असं सुरू करावं, की आधी त्याच्या हाताचं विचारावं? आधी हाताचं विचारलं तर मग पुढे जाता येणार नाही, हे मला ठाऊक होतं. सौंसर येईपर्यंत वाक्य काही जुळलं नाही. स्टँडपासून मैदान जवळच. मी फाटकाशी आलो आणि तिथेच थांबलो.

लोधीखेड्यासारख्या आसपासच्या गावांतल्या पोरी, वेणी टोपीत कोंबून, रांगेत उभ्या होत्या. एक जण टाकत होती. आणि समोर तो बसला होता, गुडघे मोडून, डाव्या हातात ग्लव्ह घालून. बॉल आला. त्याने घेतला. पुढचा जमिनीला टेकून उसळला, तोही त्याने हात उलटा करून घेतला. तिसरा पोरीने चांगलाच जोरात टाकला, आणि तो तळव्यात ‘फट’ असा बसला. त्याचा चेहरा सुद्धा हलला नाही.

मला आधी काय वाटलं सांगू? आनंद. नुसता आनंद! अरे बाप्पा, हात चालतो याचा! मी फाटक ढकलून जवळजवळ धावतच गेलो. आणि मधेच कुठेतरी, त्या वीस-पंचवीस पावलांत, आनंदाचा राग झाला. चार वर्षं. चार वर्षं मी हा हात डोळ्यासमोर धरून जगलो, माझा खेळ गेला, आणि इथे हा पोरींचे बॉल झेलतोय!

तो उठून उभा राहिला. “आला का?” एवढंच म्हणाला, जणू मी कालच गेलो होतो.

“तुया हात तर बरा आहे,” मी म्हणालो. नमस्कार नाही, कसा आहेस नाही.

“हो.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीच प्लास्टर निघालं होतं. दिवाळीत झेलून राहिलो होतो.”

“कोणत्या दिवाळीत?”

“त्याच.”

माझ्या तोंडून शिवी गेली. पोरी इकडे पाहायला लागल्या. त्याने त्यांना हाताने खूण केली, मैदानाला दोन चक्कर मारा म्हणून. त्या पळायला लागल्या.

“मग काहून नाही आला तू?” मी ओरडलो. “विमान तर दिवाळीनंतरच होतं! सर रडले त्या दिवशी बसस्टँडवर! त्यांनी दोघांसाठी हात जोडले होते. डॉक्टरनं नाही म्हटलं, असं सांगतलं तू सरांले. खोटं सांगतलं?”

“हो, खोटं सांगतलं.”

“काहून पण? दोघं गेलो असतो ना बे!”

त्याने ग्लव्ह काढला आणि काखेत दाबून धरला. त्याचा डावा तळवा मी पहिल्यांदाच जवळून पाहिला. करंगळीच्या बाजूला हाड थोडं उंच जुळलं होतं, बाकी काही नाही. तो शांतपणे बोलायला लागला. तो कधीच ओरडत नाही.

“दगड तुया हातून सुटला, तवाच मले समजलं तुया आहे म्हणून. तसा सरळ या दोन गावांत दुसरं कोण मारते? हात आपोआप पुढं गेला. इतके वर्षं तुयंच घेऊन राहिलो होतो, हाताले काय समजते दगड काय अन् बॉल काय. त्याचं मले काही नाही. गोटमारीत लागते. मी गेलोच काहून तिथं, अन् तू गेलाच काहून. तेही सोड. दवाखान्यात मी वाट पाहून राहिलो होतो तुयी. म्हटलं, आता हा येईन, मले शिव्या देईन, मी त्याले देईन, अन् मग हसू. अन् तू आला अन् मले विचारलं, कोणाचा होता दगड.”



“आपल्या इकडं कोणी विचारते काय तसं? मेलेल्याचा बाप विचारत नाही. तू विचारलं. मायाच तोंडावर, मायाच हाताकडं पाहून. मी रात्रंदिवस त्याचाच विचार करून राहिलो होतो. म्हटलं, आता हा तिकडं मले मान हलवून हो म्हणन, अन् टाकन काय, कोणाले माहीत! मी तिथं गुडघ्यावर बसणार, तोंडावर जाळी, अन् समोर तू. मले भेव वाटलं. दगडाचं नाही. तुयं.”

मैदानाच्या पलीकडून पोरींच्या बुटांचा आवाज येत होता.  मी चार वर्षं दगडाचा हिशेब केला होता. हाडं मोडली, हात गेला, त्याचा खेळ गेला. त्या दगडाने त्याचं काहीच गेलं नव्हतं. गेलं ते मी दवाखान्यात जे विचारलं त्याने, त्याचंही आणि माझंही. आणि ते विचारायची मला काहीच गरज नव्हती. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. खाटेवर त्याच्या पायाशी बसून नुसतं केळं खाल्लं असतं, तरी आम्ही दोघं विमानात असतो.

“मी तेच सांगाले आलो होतो,” मी म्हणालो. 

“मग सांग ना.”

“तुले तर माहीत आहे.”

“मले माहीत आहे ते वेगळं. तू अजून सांगतलं नाही.”

मी त्याच्याकडे पाहून म्हणालो, “तो दगड माया होता.”

“हं,” तो म्हणाला.

मी वाट पाहिली. तो आणखी काही बोलेल, खांद्यावर हात टाकेल, शिवी तरी देईल. पोरी दुसरी चक्कर संपवून धापा टाकत परत आल्या. त्याने ग्लव्ह पुन्हा हातात घातला.

“मायासाठी बसशील?” मी विचारलं.  “एकच टाकतो. आत.”

तो पोरींकडे पाहत म्हणाला, “या पोरींचं लांबून येणं असते. त्यांची बस जाईन.”

त्या चाचणीला मी गेलो नाही. आता मी रोज सकाळच्या बसने सौंसरला जातो. पोरींना बॉल कसा धरायचा, पाय कसा टाकायचा, ते मी दाखवतो, आणि बाकी तो पाहतो. दुपारी दोघं एकाच डब्यातून जेवतो. सर कधी येतात, आम्हाला दोघांना एका बाकावर बसलेलं पाहून त्यांचे डोळे भरतात, आणि त्यांना वाटतं सगळं जुळलं. बारा वर्षांची पोर का असेना, तिने हातात बॉल घेतला की तो गुडघे मोडून तिच्यासमोर बसतो आणि बोटं दाखवतो. मी बॉल हातात घेतला की तो उठून पाणी प्यायला जातो.